लघुग्रह, तारे, आकाशगंगा: साताऱ्या-सांगलीत सारखे विचारले जाणारे प्रश्न

चाळकेवाडीच्या पठारावर, कासला, नाहीतर तिकडं जत-आटपाडीच्या माळावर आकाशदर्शन ठेवलं की लोक दुर्बिणीला डोळा लावायच्या आधी मोबाईल पुढं करतात, "हे बघा काय आलंय, खरं हाय का?" गेल्या दोन-तीन वर्षांत आलेले तेच तेच प्रश्न इथं एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत संपलीत, जिथं सांगण्यासारखं जास्त आहे तिथं जास्त लिहिलंय एवढंच.

"२०३२ ला पृथ्वीवर दगड आदळणार हाय म्हणं?"

नाही आदळणार. त्या लघुग्रहाचं नाव २०२४ वायआर४. चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला तो २७ डिसेंबर २०२४ ला सापडला आणि कक्षेचा हिशोब लावल्यावर २२ डिसेंबर २०३२ ही तारीख पुढं आली. जानेवारीत धडकेची शक्यता एक टक्क्याच्या वर गेली, १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के झाली, टीव्हीवाल्यांनी लाल पट्ट्या लावल्या, आणि त्यानंतर आठवड्याभरात आकडा जवळजवळ शून्यावर आला. जेम्स वेब दुर्बिणीनं नंतर त्याचा आकार मोजला तो साधारण ६० मीटर भरला. पृथ्वीचं मिटल्यावर मग "चंद्रावर पडणार का" म्हणून दुसरी चर्चा निघाली, २०२५ मध्ये ती शक्यता चार टक्क्यांच्या आसपास सांगितली जात होती. पण तो आकडाही असाच, नवीन मोजमाप येईल तसा हलणारा.

६० मीटर म्हणजे किरकोळ नाही हां. ३० जून १९०८ ला सायबेरियात तुंगुस्का इथं साधारण याच मापाचा दगड हवेतच फुटला आणि दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल आडवं झालं. त्यामुळं शास्त्रज्ञ याच्याकडं लक्ष ठेवून होते ते बरोबरच होतं, बोंब मारणारे चुकले.

"आधी टक्का वाढला आणि मग एकदम शून्य? काहीतरी लपवतात बघा हे लोक."

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा नीट बसून सांगतो. नवीन लघुग्रह सापडतो तेव्हा त्याची कक्षा थोड्याच रात्रींच्या निरीक्षणांवर काढलेली असते, त्यामुळं आठ वर्षांनी तो नेमका कुठं असेल याचं उत्तर एक ठिपका येत नाही, लाखो किलोमीटर लांब पट्टा येतो आणि त्या पट्ट्यात कुठंतरी पृथ्वी असते. आता असं धरा की पाहुणा आलाय आणि तो दहा वाड्यांपैकी कुठल्यातरी एका वाडीत उतरलाय एवढंच कळलंय, म्हणजे तुमच्या वाडीत असायची शक्यता दहात एक. मग फोन आला की त्यातल्या पाच वाड्या नक्की नाहीत, तुमची मात्र अजून यादीत आहे, झाली शक्यता पाचात एक. पाहुणा काही तुमच्याकडं सरकलेला नाही, माहिती वाढली म्हणून टक्का वाढला. पुढच्या फोनला कळलं की तो भलत्याच वाडीत जेवायला बसलाय, आला तुमचा आकडा शून्यावर. वायआर४ चं शब्दशः असंच झालं, निरीक्षणं वाढली तसा पट्टा आखडत गेला, पृथ्वी बराच वेळ पट्ट्याच्या आत राहिली म्हणून टक्का चढला, मग पट्ट्याच्या बाहेर पडली.

आणि लपवाछपवी म्हणाल तर हे आकडे नासा आणि युरोपियन स्पेस एजन्सी रोज उघड टाकत होत्या. लपवायचंच असतं तर ३.१ हा आकडा तुमच्या मोबाईलवर आला कुठनं?

"ॲपोफिसचं काय मग?"

ॲपोफिस २००४ ला सापडला आणि त्याच्याही बाबतीत हेच झालं होतं, त्या डिसेंबरात २०२९ च्या धडकेची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली आणि मग उतरली. मार्च २०२१ मध्ये रडारनं इतकं बारीक मोजमाप झालं की निदान पुढची शंभर वर्षं धोका नाही असं नासानं सांगून टाकलं.

पण बघण्यासारखी गोष्ट आहे ही. १३ एप्रिल २०२९, शुक्रवार, आपल्या वेळेनं १४ तारखेची पहाट म्हणजे आंबेडकर जयंतीची पहाट, तेव्हा साधारण ३७० मीटरचा हा धोंडा पृथ्वीच्या पृष्ठभागापासून फक्त ३२ हजार किलोमीटरवरनं जाणार. आपल्या टीव्हीचे उपग्रह ३६ हजारावर असतात, म्हणजे तो त्यांच्याही आतनं जातोय. नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका उजळ होणार, सगळ्यात छान युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातनं. बेन्नू नावाच्या दुसऱ्या लघुग्रहावरनं माती आणणारं यानच नाव बदलून, ओसायरिस-ॲपेक्स म्हणून, ॲपोफिसच्या मागं निघालंय. फुकटात दुसरी मोहीम, मला तर हे लई आवडलं.

"खरंच एखादा येत असला तर थांबवता येतो का, का नुसतं बघत बसायचं?"

ढकलता येतो, हे करून दाखवलंय. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फस नावाच्या १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. डायमॉर्फस हा डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा, धडकेनंतर तो वेळ अर्ध्या तासानं, म्हणजे ३२-३३ मिनिटांनी, कमी झाला. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी म्हणायचं ठरलेलं होतं, त्यात अर्धा तास! कारण यानाच्या धक्क्याबरोबर जो मातीदगडाचा फवारा उलट दिशेला उडाला त्यानंही धक्का दिला. आता तो फवारा किती उडाला, खड्डा पडला का सगळा लघुग्रहच वेडावाकडा झाला हे बघायला युरोपचं हेरा यान ७ ऑक्टोबर २०२४ ला निघालंय.

अट एकच, दगड आधी सापडला पाहिजे, दहा-वीस वर्षं हातात असली तर एवढीशी ढकलही पुरते. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला २० मीटरचा दगड कुणालाच आधी दिसला नव्हता, तो सूर्याच्या दिशेनं आला, आणि काचा फुटून दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले.

"बेन्नूच्या मातीत जीव सापडला ही बातमी खरी का?"

जीव नाही सापडला. जीवाला लागणारा कच्चा माल सापडला, आणि हे माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात मोठं काम आहे, तरी त्याला म्हणावी तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही.

ओसायरिस-रेक्स यानानं बेन्नू लघुग्रहावरची १२१.६ ग्रॅम माती २४ सप्टेंबर २०२३ ला अमेरिकेत युटाच्या वाळवंटात उतरवली. सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. आमच्याकडं एक काका म्हणाले, "एवढ्यासाठी एवढा खर्च?" पण उल्का पृथ्वीवर पडते तेव्हा तिला आपल्या मातीतले जंतू, पाणी, सगळं लगेच चिकटतं, मग तिच्यात जे सापडेल ते वरनं आलेलं का इथलं यावर भांडत बसायला लागतं. ही माती सीलबंद आली. जानेवारी २०२५ मध्ये निकाल जाहीर झाले: सजीव जी २० अमिनो आम्लं वापरतात त्यातली १४ तिच्यात आहेत, डीएनए आणि आरएनए ज्यांच्यापासून बनतात ते पाचही बेस आहेत, आणि खारं पाणी आटून मागं राहणारे क्षार आहेत. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या गोळ्याचा तुकडा आहे त्या गोळ्यात कधीकाळी खाऱ्या पाण्याची डबकी होती.

अजून एक गंमत त्यात. अमिनो आम्लं डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची असतात, पृथ्वीवरचे सजीव जवळपास सगळे डावीच वापरतात. कुणाला वाटत होतं हा डावेपणा उल्कांबरोबरच आला असावा. बेन्नूत दोन्ही जवळजवळ सारखी निघाली. म्हणजे तो प्रश्न जिथं होता तिथंच.

"आमच्या रानात काळा दगड सापडलाय, लोहचुंबक चिकटतंय, उल्का असंल का?"

बहुतेक नसेल. राग मानू नका. आपला सगळा भागच काळ्या बेसॉल्टचा, त्यात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळं चुंबक थोडंफार ओढलंच जातं. पाचगणी-महाबळेश्वरकडचा तांबडा जांभा, त्यातही लोखंड. दगडाला आत भोकं असतील, त्यात पांढरे-हिरवट स्फटिक भरलेले असतील तर तो लाव्ह्याचाच, उल्केत अशी भोकं सहसा नसतात. उल्का नवीन पडलेली असेल तर बाहेरनं पातळ काळं जळकं कवच असतं आणि कुठं टवका उडालेला असला तर आतला रंग फिका दिसतो, वजनही हाताला जरा जास्तच लागतं. तरीही शंका राहिली तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडं पाठवा, आपल्या देशात उल्कांचं बघणारी संस्था तीच. ॲसिड टाकून, घासून, कापून बघू नका.

आणि आकाशातनं पडलेलं सगळंच उल्का नसतं. २ एप्रिल २०२२ च्या रात्री महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी जळत्या रेघा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी रिंग पडली, तो चिनी रॉकेटचा सांगाडा होता.

"तो थ्रीआय ॲटलास म्हणजे परग्रहावरचं यान होतं ना?"

धूमकेतू होता. १ जुलै २०२५ ला सापडला, सूर्यमालेच्या बाहेरनं आलेली आपल्याला माहीत असलेली तिसरीच वस्तू. पहिला २०१७ चा ओउमुआमुआ, दुसरा २०१९ चा बोरिसॉव्ह. बाहेरचा हे कळतं वेगावरनं, सेकंदाला ६० किलोमीटरच्या आसपास वेग होता, एवढ्या वेगाच्या वस्तूला सूर्य धरून ठेवू शकत नाही, त्यामुळं तो एकदा येऊन कायमचा जाणार. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी सूर्याजवळनं गेला, १९ डिसेंबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता, आणि हे जवळ म्हणजे २७ कोटी किलोमीटर.

यानवाली गोष्ट का पसरली, तर एका प्रसिद्ध प्राध्यापकांनी तशी शक्यता बोलून दाखवली आणि यूट्यूबवाल्यांना महिनाभराचा धंदा मिळाला. पण वेब दुर्बिणीनं बघितलं तर त्याच्याभोवती वायूचं आवरण होतं, त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर, पाण्याच्या मानानं नेहमीच्या धूमकेतूंपेक्षा खूपच जास्त. मला विचाराल तर ही खरी बातमी, दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याच्या अंगणात बनलेला बर्फ आपल्या दुर्बिणीसमोरनं गेला आणि त्याची घडण आपल्याकडच्यापेक्षा वेगळी निघाली. यानाच्या नादात ती कुणी वाचलीच नाही.

"पोरानं लघुग्रह शोधला म्हणून सर्टिफिकेट आलंय, खरं असतं का ते?"

खरं असतं, पण फ्लेक्स लावायच्या आधी पुढचं वाचा. आंतरराष्ट्रीय मोहिमांमध्ये हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो शाळांना देतात, मुलं ॲस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरवर ते एकामागनं एक लावून हलणारा ठिपका शोधतात. मेहनतीचं काम आहे, डोळे दुखतात. मिळतो तो प्राथमिक शोध. मग दुसऱ्या दुर्बिणींनी तो परत बघावा लागतो, तेव्हा तात्पुरता क्रमांक मिळतो, आणि कक्षा पक्की होऊन कायमचा क्रमांक मिळायला कित्येक वर्षं जातात, नाव द्यायचा विषय त्याच्यानंतर. त्यामुळं "साताऱ्याच्या मुलाच्या नावानं लघुग्रह" अशी बातमी दिसली की कायमचा क्रमांक विचारा. पोराचं कौतुक मात्र करा, खरी आकडेवारी हाताळायला मिळणं हे वर्गात बसून मिळत नाही.

ताऱ्याला पैसे भरून नाव देता येतं का, असंही विचारतात. नाही. कागद मिळतो, आंतरराष्ट्रीय खगोल संघटना त्याला मानत नाही.

"आता कॉम्प्युटरच सगळं शोधतो म्हणतात, मग माणसाला काय काम?"

चिलीत व्हेरा रुबिन वेधशाळा सुरू झालीय, आरसा ८.४ मीटर, कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा. २३ जून २०२५ ला पहिले फोटो दाखवले तेव्हाच दहा तासांच्या निरीक्षणात २,१०४ नवीन लघुग्रह सापडलेले होते, धोक्याचा एकही नाही. दर थोड्या रात्रींनी सगळं दक्षिण आकाश परत परत टिपायचं, दहा वर्षं, असा तिचा बेत आहे. एवढा ढीग माणूस बघूच शकत नाही, हलणारं-बदलणारं सॉफ्टवेअरच काढून देणार. पण त्यातलं विचित्र काय आणि ते विचित्र का, हे विचारायला माणूस लागतोच.

"आर्द्रा फुटणार आहे का?"

आर्द्रा म्हणजे मृगातला तो तांबूस तारा, काक्षी, इंग्रजीत बेटलज्यूज. शेतकऱ्याला आर्द्रा म्हणजे पाऊस, कारण जूनच्या शेवटी सूर्य त्या नक्षत्रात असतो. तारा बघायचा असेल तर थंडीतच बघावा लागतो.

२०१९ च्या शेवटी तो अचानक मंद झाला आणि आता फुटणार म्हणून जगभर गाजावाजा झाला. नंतर कळलं की ताऱ्यानं स्वतःच अंगावरचा वायू बाहेर टाकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती धूळ आपल्या बाजूला आडवी आली. फुटणार हे नक्की, पण खगोलशास्त्रात "लवकरच" म्हणजे लाखभर वर्षं धरून चालायचं. फुटला तर दिवसाही दिसेल, आपल्याला धोका नाही, तो पाचशेहून जास्त प्रकाशवर्षं लांब आहे.

नवीन गोष्ट वेगळीच. त्याचा प्रकाश साधारण सहा वर्षांच्या चक्रानं वरखाली होतो, त्याचं कारण सापडत नव्हतं, शेजारी एखादा छोटा तारा फिरत असावा असा अंदाज होता. जुलै २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीच्या टीमनं तो जोडीदार टिपल्याचं सांगितलं, सूर्याच्या दीडपट वस्तुमानाचा, आणि राक्षसाच्या, म्हणजे त्या अवाढव्य आर्द्राच्या, इतक्या जवळ की त्याच्या बाहेरच्या वातावरणातच फिरतोय. सिग्नल तसा कमकुवत आहे हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. नोव्हेंबर २०२७ मध्ये तो आपल्याला राक्षसापासून सगळ्यात लांब दिसेल, तेव्हा परत बघणार. तोवर पन्नास-साठ टक्के विश्वास ठेवा, हे माझं मत.

"कृष्णविवर आपल्या इथनं दिसतं का हो?"

कृष्णविवर दिसत नाही, पण ते ज्या गर्दीत लपलंय ती गर्दी चाळकेवाडीवरनं दिसते! मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून उभं राहा, क्षितिजापासून २५ अंशांवर नरतुरंग तारकासमूहात एक धुरकट ठिपका दिसेल, तो ओमेगा सेंटॉरी, जवळजवळ एक कोटी ताऱ्यांचा गुच्छ. युरोपातल्या बऱ्याचशा लोकांना तो क्षितिजावर येतच नाही, आपण १७ अंश अक्षांशावर असल्याचा हा फायदा.

जुलै २०२४ मध्ये हबल दुर्बिणीचे वीस वर्षांतले पाचशेहून जास्त फोटो एकमेकांवर लावून एका टीमनं त्या गुच्छाच्या अगदी मध्यात सात तारे काढले जे इतक्या जोरात पळतायत की गुच्छातनं कधीच बाहेर फेकले जायला हवे होते. जात नाहीत म्हणजे मधी काहीतरी वजनदार त्यांना धरून आहे, कमीत कमी ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचं. हे महत्त्वाचं का, तर ताऱ्याच्या मरणातनं बनणारी छोटी कृष्णविवरं माहीत होती, आकाशगंगांच्या पोटातली लाखो-कोटी सूर्यांची माहीत होती, मधल्या मापाची सापडतच नव्हती. आणि हे आहे फक्त १८ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्याच आकाशगंगेत.

त्याच्या खाली अजून दक्षिणेला मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. मित्र म्हणजे अल्फा सेंटॉरी, खरं तर तीन ताऱ्यांचं कुटुंब, सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी. ऑगस्ट २०२४ मध्ये वेब दुर्बिणीला त्यातल्या मोठ्या ताऱ्याजवळ शनीएवढ्या वस्तुमानाच्या ग्रहाची चाहूल लागली, नंतरच्या निरीक्षणात तो ठिपका परत दिसला नाही. ताऱ्याच्या झगमगाटाजवळ आला असेल नाहीतर नसेलही.

"अलकनंदा ही पुण्याच्या लोकांनी शोधलेली आकाशगंगा, त्यात एवढं काय विशेष?"

राशी जैन आणि योगेश वाडदेकर, एनसीआरए म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, पुणे. वेब दुर्बिणीच्या सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या फोटोंमधनं त्यांनी ही सर्पिल आकाशगंगा काढली, नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. तिचा प्रकाश निघून १२ अब्ज वर्षं झाली, म्हणजे आपण तिला बघतोय ते विश्व फक्त दीड अब्ज वर्षांचं असतानाचं.

विशेष हे की एवढ्या लवकर एवढी व्यवस्थित आकाशगंगा असायलाच नको होती. त्या काळातल्या आकाशगंगा म्हणजे वेड्यावाकड्या, ढेकळं-ढेकळं, सगळा गोंधळ, अशी समजूत होती, सुबक दोन फाटे असलेली चकती व्हायला खूप वेळ लागतो असं पुस्तकात होतं. अलकनंदाची चकती ३० हजार प्रकाशवर्षं रुंद, दोन ठळक सर्पिल बाहू, आणि ताऱ्यांचं वस्तुमान दहा अब्ज सूर्यांइतकं, शिवाय वर्षाला साधारण ६० सूर्यांएवढे तारे नवीन बनतायत. आपल्या आकाशगंगेपेक्षा कितीतरी पटीनं वेगात. ती आकाशगंगांच्या एका मोठ्या समूहाच्या मागं पडते, त्या समूहाच्या गुरुत्वानं तिचा प्रकाश वाकून साधारण दुप्पट उजळ झाला, म्हणून एवढं बारीक दिसलं.

आमच्याकडच्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण दुर्बीण अमेरिका-युरोप-कॅनडाची, फोटो सगळ्या जगाला खुला, आणि त्यातलं हे पुण्यात बसलेल्या माणसांना दिसलं.

"मग बिग बँग खोटा ठरला ना? व्हिडिओ आलाय तसा."

नाही ठरला. वेबला बिग बँगनंतर २८-२९ कोटी वर्षांनीच्याही आकाशगंगा सापडल्यात, जेड्स-जीएस-झेड१४-० आणि मॉम-झेड१४ ही त्यांची नावं, आणि पहिलीत तर ऑक्सिजनही सापडला, मार्च २०२५ ची बातमी. ऑक्सिजन म्हणजे ताऱ्यांची एक पिढी आधीच जगून मेली. यानं अडचणीत आलंय ते आकाशगंगा किती लवकर वाढतात याचं गणित. विश्व प्रसरण पावतंय, आधी तापलेलं होतं, याचे पुरावे वेगळे आहेत आणि ते जागच्या जागी आहेत.

त्याच फोटोंमध्ये छोटे लाल ठिपकेही सापडले, शेकड्यांनी. कुणी म्हणतं दाट वायूत गुंडाळलेली कृष्णविवरं, कुणी म्हणतं तारेच. भांडण चालू आहे, मला तरी ते फार गोड भांडण वाटतं.

"डार्क एनर्जी कमी होतीय म्हणजे काय होणार आपलं?"

आपलं काही नाही. ॲरिझोनातल्या डेसी प्रकल्पानं दीड कोटीच्या आसपास आकाशगंगा आणि क्वेसारांचा (लांबच्या आकाशगंगांची झगझगती केंद्रं) नकाशा करून मार्च २०२५ मध्ये सांगितलं की विश्वाला ताणणारी ही शक्ती काळाबरोबर बदलत असावी. "असावी" हा शब्द महत्त्वाचा, कारण खात्री २.८ ते ४.२ सिग्मा (निकाल नुसता योगायोग नाही याची खात्री मोजायचं माप, जास्त तेवढं पक्कं), दुसरी कुठली माहिती जोडता त्यावर अवलंबून, आणि शोध म्हणायला ५ लागतात. खरं निघालं तर मात्र गेल्या पंचवीस वर्षांतला सगळ्यात मोठा बदल.

"देवयानी आपल्यावर आदळणार हे तर नक्की ना?"

तेही आता नक्की नाही राहिलं. देवयानी आकाशगंगा २५ लाख प्रकाशवर्षांवर, आपल्याकडंच येतीय. आजवर टक्कर ठरलेली धरत होते. जून २०२५ च्या एका अभ्यासात हबल आणि गाया यानांची मापं घेऊन, शेजारच्या छोट्या आकाशगंगांची ओढही धरून हिशोब केला तर पुढच्या दहा अब्ज वर्षांत टक्कर व्हायची शक्यता निम्मी-निम्मी निघाली. वाड्यांचा हिशोब आठवा, इथंही मापं सुधारली तसा आकडा बदलला.

"के२-१८बी वर समुद्री जीव आहेत?"

१२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह, सिंह राशीत. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या टीमनं सांगितलं की तिथल्या हवेत डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसतीय, पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून येतो. खात्री ३ सिग्मा. दुसऱ्या लोकांनी तीच माहिती वेगळ्या पद्धतीनं तपासली तर खूण पुसट झाली, वर हाच वायू एका धूमकेतूवरही सापडलेला आहे आणि तिथं कोण जीव असणार. सध्या तरी नाही धरा.

"गुरुत्वलहरी वगैरे आपल्या महाराष्ट्रात काही आहे का?"

आहे की. गुरुत्वलहरी म्हणजे वजनदार वस्तू एकमेकींभोवती फिरताना अवकाशालाच उठणाऱ्या लाटा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटरच्या ३० तबकड्या. २९ जून २०२३ ला जगातल्या बऱ्याच टीमनी एकदम जाहीर केलं की सगळ्या विश्वात मंद गुरुत्वलहरींची गुणगुण चालू असल्याचा पुरावा मिळालाय. त्यात युरोपबरोबर भारताची टीम होती, जीएमआरटीची निरीक्षणं घेऊन. पल्सार तारे घड्याळासारखे ठोके देतात, ते ठोके वर्षानुवर्षं मोजायचे आणि कुठं अंशभर लवकर-उशिरा येतात ते बघायचं, असं काम. चिकाटीचं.

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी पकडणारी वेधशाळा होतीय, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या. अमेरिकेतल्या लायगोनं १४ जानेवारी २०२५ ला दोन कृष्णविवरांची टक्कर इतकी स्वच्छ पकडली की हॉकिंगचं १९७१ चं म्हणणं, टकरीनंतर कृष्णविवराचं एकूण क्षेत्रफळ कमी होत नाही, ते ताडून बघता आलं. बरोबर निघालं.

"आपल्याकडं आकाश बघायला चांगली जागा कुठली?"

कास सगळ्यांना माहीत, पण फुलांच्या हंगामात तिथं ढग आणि धुकं, रात्री काय दिसणार. चाळकेवाडी-ठोसेघर छान, पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतात त्यांची सवय करून घ्यायची. महाबळेश्वरला बाजाराच्या उजेडापासून लांब जा. सगळ्यात चांगलं आकाश मी म्हणेन माण-खटाव आणि जत-आटपाडीचं, पाऊस कमी त्यामुळं ढग कमी, गावं लांब-लांब. सांगली-मिरजवाल्यांना दंडोबा जवळ पडतो, मात्र शहराचा उजेड एका बाजूला राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अमावस्येच्या आसपास. जिथं जाल तिथल्या गावकऱ्यांना आधी सांगून ठेवा, रात्री अंधारात टॉर्च घेऊन फिरणारी माणसं बघून कुणालाही शंका येते.

"शनीची कडी का दिसत नव्हती? दुर्बीण खराब आहे का आमची?"

दुर्बीण चांगली आहे. २३ मार्च २०२५ ला कडी आपल्याला अगदी धारेवर आली, त्यामुळं वर्षभर नुसती रेघ दिसत होती. आता दरवर्षी थोडी थोडी उघडत जाणार.

"नवीन घ्यायची तर कुठली घेऊ?"

आधी १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या, वर्षभर तिनं आकाश पाठ करा, देवयानी आणि ओमेगा सेंटॉरी तिच्यातनं दिसतात. मग सहा इंची डॉबसोनियन, म्हणजे साध्या फिरत्या स्टँडवरची आरशाची दुर्बीण. "६०० पट मोठं दिसतं" असं खोक्यावर लिहिलेली कधी घेऊ नका, आरसा किंवा भिंग किती इंची आणि स्टँड हलतो का एवढंच दुकानदाराला विचारा.